खालचा सूर

"आत्या, तू परत माझ्याच सुरात आली गं," काचेपलीकडून प्रीती म्हणाली.

मालनबाईंनी जीभ चावली. नवीन जालन्यातल्या त्या स्टुडिओत चौघांच्या गटाचं पहिलं गाणं तयार होत होतं. संथ, गोड चालीचं. मागे व्हायोलिनांचा अख्खा ताफा, तोही बुद्धभूषणनं कीबोर्डातून उठवलेला. मुख्य आवाज प्रीतीचा. तिचं, भावनाचं, बुद्धभूषणचं गाऊन झालं होतं. राहिल्या होत्या मालनबाई. हेडफोनमध्ये प्रीतीचा आवाज वर चढला की यांनी आपल्या सुरावर खालीच थांबायचं, एवढंच काम. नेमकं तेच जमत नव्हतं.

कसं जमावं? उभा जन्म त्यांनी भीमगीतांच्या गायन पार्टीत कोरस धरला होता. पुढच्याचा दम तुटायला आला, की मागच्यांनी त्याचीच ओळ उचलून धरायची. ऐकणाऱ्याला पत्तासुद्धा लागू द्यायचा नाही. आणि कडव्याच्या शेवटी प्रीतीचा आवाज जरासा कापत होता. बाईंचा गळा आपोआप तिकडे धावायचा.

"आत्याचा भाग कीबोर्डवरच घेऊ का?" बुद्धभूषण हळूच म्हणाला. काचेपलीकडचा माइक चालूच राहिला होता, त्यामुळे बाईंना स्वच्छ ऐकू आलं. पार्टी मोडल्यापासून त्यांना गायला कुणी बोलावलं नव्हतं.

"बिलकुल न्हाई," प्रीती उसळली. "आत्या न्हाई तर गाणं न्हाई. तिच्या कानातला माझा आवाज बंद कर. मंग बघ."

आता कानात नुसती व्हायोलिनं. मालनबाईंनी डोळे मिटले आणि त्या गायल्या. सूर जागचा हलला नाही.

मग सगळे आवाज एकत्र लावले. प्रीतीचा आवाज वर गेला, आणि त्याच्याखाली बाईंचा, घट्ट, भरदार. गाणं कसं भरून आलं! भावनानं टाळ्या पिटल्या. बुद्धभूषणनं आपले कान पकडले. प्रीती तर धावत आत आली आणि आत्याच्या गळ्यातच पडली.

"बघ, कसं बराबर जमलं!"

मालनबाईंना आनंद झाला होता, खोटं कशाला. तरी त्यांचा हात भाचीच्या पाठीवरून फिरतच राहिला.

"जमलं गं बाई. पण तू कुठं थकल्ती, ते मला गाताना ऐकूच आलं न्हाई."