अंकुशरावांच्या फोटोला हार

चौथ्या घरून पिठलं-भाकरी आली तेव्हा चंद्रभागाबाईंचं डोकं फिरलं.

“अक्का, आज तुमच्याकडं चूल पेटायची न्हाई म्हणून आणलाव,” शेजारची सुधारानी डोळ्याला पदर लावून म्हणाली. तिच्या मागे, पाच हातांवर, अंकुशराव गल्ल्यावर बसून एका गिऱ्हाइकाला कुकरची शिट्टी बसवून दाखवत होते. सुधारानी वळली, तिने त्यांना पाहिलं, किंचाळली आणि ताट तिथेच टाकून पळाली.

“पाचवं ताट येतंय का बघा आता,” चंद्रभागाबाई नवऱ्यावर उखडल्या.

बसवकल्याणात ‘अंकुश स्टील सेंटर’ उघडून वर्ष झालं होतं. दुकानाचं फेसबुक पान सून विजयश्री चालवायची. तिने बालद्यांचे फोटो टाकले, डब्यांचे टाकले, तरी वर्षभरात फॉलोअर जमले चौऱ्याऐंशी, त्यातले निम्मे पाहुणेच. मग तिनेच डोकं चालवलं. “मामा, लोकं भांडं बघत न्हाईत, माणूस बघतेत.” आज सकाळी दुकानाच्या पहिल्या वाढदिवसाची पूजा झाली, तसा तिने सासऱ्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, पुढे उदबत्ती लावली आणि फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘सर्व ग्राहकांचे मनःपूर्वक आभार.’

कुणीतरी त्याखाली लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ दुसऱ्याने ते पाहून तेच लिहिलं. तिसऱ्याने हात जोडले. वरचं वाचतं कोण? पुढच्याने जे लिहिलं तेच मागच्याने लिहायचं, ही आपली रीत. दहा वाजेपर्यंत अंकुशराव वैकुंठाला पोचले होते आणि दुपारपर्यंत फॉलोअर अकराशेवर गेले होते.

“तो फोटो काढून टाका,” चंद्रभागाबाई म्हणाल्या.

“कामून काढायचं? वर्षभर नाकदुऱ्या काढल्या तर एक माणूस दुकानात येईना. आज हुमनाबादहून जीप भरून आलती. रडून झाल्यावर दोन तांबे अन एक परात घेऊन गेली,” अंकुशराव हसत म्हणाले.

“लोकं तुमचं तेरावं कवा म्हणून विचारायलेत, अन तुमी हसायलाव? आधी कुणी लिहिलं ते तरी बघ गं, विजयश्री. त्याच्या तोंडात माती घालते.”

“चारशेच्या वर हायत, आत्याबाई. बुडाला जायला वेळ कुठं हाय? दारात माणसं उभी हायत.”

खरंच होतं ते. जनवाड्याहून मावसबहीण गळा काढत आली. तिला चहा, पाणी आणि ‘जिवंत हायत’ हे तीनदा सांगणं, एवढं सगळं चंद्रभागाबाईंच्या वाट्याला आलं. आपला नवरा जिवंत आहे याचा असा वैताग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता.

एकच गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. दारात सावली पडली की अंकुशराव हातातलं भांडं सोडून बघायचे आणि कोण आहे ते कळलं की पुन्हा खाली बसायचे.

ते कुणाची वाट पाहत होते हे चंद्रभागाबाईंना सांगायला नको होतं. थोरले भाऊजी, व्यंकटराव. अफजलपूरला असतात. नऊ वर्षांपूर्वी, मुलगा बंटी आणि विजयश्रीच्या लग्नात, सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले आणि सख्ख्या थोरल्या चुलत्याचाच राहिला. भर पंगतीतून ते उठले. “अंकुशा, आता तुझ्या मयतालाच येईन,” म्हणाले आणि शब्दाला जागले. फेट्यांची यादी चंद्रभागाबाईंनी केली होती. नऊ वर्षं ती त्यांच्या घशात अडकून होती. माफी मागायला दोनदा त्या अफजलपूरला जाऊन आल्या. भाऊजी बाहेर आले नाहीत.

म्हणजे हा सगळा तमाशा नवऱ्यानेच मांडला, हे त्यांना आता लख्ख कळलं.

“तुमीच लिहिलंव ना ते?”

“लेकराची शपथ, म्या न्हाई लिहिलं.”

“मग फोटो का काढंनात?”

अंकुशराव पुन्हा दाराकडे बघू लागले.

चारच्या सुमाराला एक उंच म्हातारा पायरी चढला. धुवट धोतर, दाढी गुळगुळीत, हातात कापडी पिशवी. दुकानात पाऊल ठेवताच त्याने हंबरडा फोडला, “अंकुशा रेऽ!”

“अण्णा!” अंकुशराव गल्ल्यावरून उडी मारूनच आले.

व्यंकटरावांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. “जिता हायस व्हय रे?”

“व्हय अण्णा.”

“आता आलोच हाव तर पाणी तरी दे.”

चंद्रभागाबाई तांब्या घेऊन आल्या आणि त्यांना राहवलं नाही. “भाऊजी, फेट्याचं माझ्याच हातून राहिलं हो. नऊ वर्षं जीव जळायलाय माझा.” त्या ढसाढसा रडल्या. दिवसभरात त्या घरात खरं रडलेलं माणूस तेवढं एकच.

“राहू दे गं,” व्यंकटराव म्हणाले. “पिशवीत शेंगापोळ्या हायत. तुझ्या जावेनं काल रात्री केल्यात. खाऊन घ्या.”

दोघे भाऊ पिठलं-भाकरी घेऊन शेजारी शेजारी जेवायला बसले. चंद्रभागाबाई वाढता वाढता नवऱ्याकडे बघून हसल्या. लबाडी केली, पण बरी केली, असं त्यांना वाटलं.

विजयश्री फोन घेऊन आत आली. “आत्याबाई, बुडाला पोचले एकदाची. पहिली श्रद्धांजली मामांनी न्हाई लिहिली.”

चंद्रभागाबाईंनी चष्मा लावला आणि सगळ्यात खालचं नाव वाचलं: व्यंकटराव बिरादार, अफजलपूर.