हं

पडद्यावरची लाल टोपीवाली वर गेली, निळ्या टोपीवाला खालीच राहिला. दोघांच्या कमरेला बांधलेली दोरी ताणली गेली आणि दोघंही बुरुजाच्या तळाशी येऊन आपटले.

"अहो, तुम्ही 'हं' म्हणालात ना?" आई म्हणाली.

"म्हणालो. विचार करत होतो."

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या प्रोग्रामरने कागदावर आणखी एक खूण केली. 'दोरीमुळे पडले' या रकान्यात आता सात खुणा होत्या.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. दोरीची कल्पना तिची. बाकीच्या खेळांत जोडीदार पडला की दुसरा पुढे निघून जातो. तिच्या खेळात तसं जाता येत नव्हतं. प्रोग्रामरच्या मते लोकांना नेमकं हेच नको असतं. शेवटी दोघांनी ठरवलं होतं, की कधीच न खेळलेली दोन माणसं तासाभरात बुरुजाच्या माथ्यावर पोचली तर दोरी राहील, नाहीतर आज संध्याकाळी खेळ दोरीशिवाय बाहेर पडेल. अट एकच, तासभर मुलीने तोंड उघडायचं नाही. ऐन वेळी दुसरं कोणी मिळालं नाही, म्हणून तिचे आईवडील आले होते.

अकरा मिनिटं उरली होती.

"काकू, दमला असाल तर थांबू या," प्रोग्रामर म्हणाला.

"दमायला मी काय जिने चढतेय?" आईने कंट्रोलर मांडीवर नीट ठेवला. "आणि तू ते काय लिहितोस? दोरीमुळे नाही पडलो. ह्यांच्या 'हं'मुळे पडलो. ते लिही."

"त्याला रकाना नाहीये, काकू."

"मग आख." ती नवऱ्याकडे वळली. "तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात उभी राहिले मी. सर्जन नुसता 'हं' म्हणाला असता, तर कात्री द्यायची की चिमटा? इथून पुढे 'हं' बंद. 'ये' म्हणा, नाहीतर 'थांब' म्हणा."

"हं," वडील म्हणाले, आणि ओशाळले.

ते पुन्हा चढू लागले. हलत्या फळ्या, फिरती चाकं, मग तो लाकडी फलक. वडील फलकापाशी थांबले.

"अहो, चला!"

"'उडि' ऱ्हस्व काढलीय इथे." छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. "दीर्घ हवी."

प्रोग्रामरने मुकाट्याने तेही टिपून घेतलं. मुलीने ओठ दाताखाली धरला.

चार मिनिटं. शेवटची खाच आली. दोघांनी एकदम उडी मारली तरच ती पार होत होती. एकट्याने मारली की दोरी त्याला मागे ओढत होती.

"थांब," वडील म्हणाले. वरचं चाक एक फेरा फिरून गेलं. "थांब... ये!"

दोघं उडाले. आई कडेवर पोचली. वडिलांचा पाय निसटला आणि ते दोरीला लोंबकळू लागले. तेवढ्यात पडद्यावरचं दृश्य आईबरोबर वर सरकलं. माथ्यावरचं दार दिसू लागलं, वडील मात्र दिसेनासे झाले. आईच्या कमरेपासून निघालेली दोरी पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत जाऊन तुटल्यासारखी दिसत होती.

"हे काय, गेले कुठे हे?"

"पडदा पुढच्याबरोबर सरकतो," प्रोग्रामर हळूच म्हणाला. "मागचा कधीकधी... दिसत नाही." पडदा सरकवण्याचं काम त्याचं होतं.

"म्हणजे दोरी नसती, तर हे आहेत की नाहीत तेसुद्धा मला कळलं नसतं." आईने मान न वळवता सांगितलं, "हेही लिही."

आता तिने वर ओढायचं होतं. पण वडिलांनी भिंतीला पाय लावल्यावरच. अधांतरी असताना ओढलं, तर दोघंही तळाला. आणि भिंत त्यांना दिसत नव्हती. पाय भिंतीला लागला की हातातला कंट्रोलर थरथरतो, तेवढीच खूण.

वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवला. पडद्याकडे बघणंच सोडून दिलं. डोळे मिटून ते अंगठ्याने झोका घेऊ लागले. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे. पडद्याच्या कोपऱ्यातले सेकंद पन्नासवर आले, चाळीसवर आले.

"आहात ना?" आईने विचारलं.

दोरी कडेपाशी इकडून तिकडे सरकत राहिली. आईचा अंगठा बटणावर होता, पण तिने ते दाबलं नव्हतं.

"हं," वडील म्हणाले.

आईने बटण दाबलं.

पडद्याच्या खालच्या कडेतून निळी टोपी वर आली. मग खांदे, मग पाय. दोघं दारासमोर उभे राहिले, आणि दार उघडलं. कोपऱ्यात नऊ सेकंद उरले होते.

"काकू, या वेळचा 'हं' कसा कळला तुम्हाला?"

"तो वेगळा होता," आई म्हणाली आणि आखडलेली बोटं मोडू लागली. वडील चष्मा नाकावर आणून पडदा वाचत होते.

प्रोग्रामरने कागद पुढे ओढला. तळाशी त्याने आधीच लिहून ठेवलं होतं : दोरी ठेवावी / काढावी.

"हं," तो म्हणाला.

"'हं' चालणार नाही," मुलगी भिंतीपासून पुढे झाली. तासाभरातलं तिचं हे पहिलंच वाक्य. "ये, की थांब?"

त्याने 'काढावी'वर आडवी रेघ ओढली.

"ये," तो म्हणाला. "आधी तो पडदा दुरुस्त करू."