अपाला

श्रीपादने तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं, 'अपाला', आणि मानक नगरातल्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये जमलेल्या पाच-सात मराठी माणसांनी वा वा केलं. सकाळपर्यंत शर्वरी असलेली नवरी आपल्या नावासाठी मनातून रडकुंडीला आली होती. पण श्रीपाद पडला बिजवर. पहिली गेल्यावर बिचाऱ्याला सगळं नव्याने मांडायचं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"अर्थ काय हो याचा, आई?"

"अगं, ऋग्वेदातली ऋषिका, अत्रींची लेक!" सासूबाई खुलल्या. "अख्खं लखनौ पालथं घातलंस तरी दुसरी अपाला मिळायची नाही."

इतकं दुर्मीळ नाव या माणसांनी आपल्यासाठी शोधून काढलं, या विचाराने शर्वरीचं दुःख निम्मं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गॅसवाला उभा. "अपालाजी का सिलेंडर है, बहूजी. कॉपी पे साइन कर दीजिए."

"अय्या, एका दिवसात माझं नाव लागलंसुद्धा?" शर्वरी हरखली.

"एका दिवसात कसलं?" सासूबाईंनी तिच्या हातात पेन दिलं. "कनेक्शन पहिलीच्या नावावर आहे. ती गेल्याचं कळवलं तर कॅन्सल करतात, आणि नव्याला आठ वर्षं वेटिंग. वरच्या ओळीत तिची सही आहे, बघून कर. 'ला'चा काना ती जरा लांब ओढायची."