शेवटच्या पेटीतली कवळी

समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या वस्तूंचं त्या गावात इवलंसं संग्रहालय होतं. फिरायला आलेले मास्तर प्रत्येक काचेला नाक लावून बघत होते. शेवटच्या पेटीत कवळी होती, पुढच्या दाताचा टवका उडालेली. बायकोने कोपर मारलं. "अहो, ही तर तुमचीच. गेल्या वर्षी लाटांत शिंकलात तेव्हा गेलेली." मास्तरांनी जिभेने नवी कवळी चाचपली. वर्षभर हिरड्या सोलत होती मेली. जुनी कशी चपखल बसायची. "मागा की," बायको कुजबुजली. "लाजायचं काय?" तेवढ्यात संग्रहालयाच्या बाई पाहुण्यांचा घोळका घेऊन आल्या. "ही एका शूर खलाशाची," त्या हळव्या आवाजात सांगू लागल्या. "वादळात सगळ्यांना होडीत बसवलं आणि..." कुणीतरी डोळे पुसले. बायको बोलणार तोच मास्तरांनी तिचा हात दाबला. "थांब गं. मी कसा बुडालो ते तरी ऐकू दे."