आरती होईपर्यंत

अमृत पत्र्यावर गुडघे टेकून वायरला चिकटपट्टी गुंडाळत होता, आणि खाली ओट्यावर बसलेले त्याचे थोरले भाऊ काकासाहेब ती कशी गुंडाळायची ते सांगत होते. काकासाहेबांनी जन्मात वायरला हात लावला नव्हता. पण तिसगावातल्या त्या गल्लीत त्यांना विचारल्याशिवाय कुणी दाराला रंगही देत नसे. त्यांच्या ओट्यावरून समोरच एसटी स्टँड दिसे. प्रत्येक गाडीत कोण चढलं, कोण उतरलं, हे कंडक्टरपेक्षा त्यांना जास्त ठाऊक.

"त्या सम्राटला बोलावलं न्हाईस ना?"

"न्हाई, दादा. माझं मीच करतोय."

वेशीबाहेरच्या वस्तीतल्या भीमराजचा सम्राट सुप्याच्या कारखान्यात कामाला होता. एका व्हीसीआरचं चित्र वायरीवरून सगळ्या घरांतल्या टीव्हीवर कसं न्यायचं, बूस्टर कुठं लावायचा, हे अमृतला त्यानंच शिकवलं होतं. पण दिवाळीत अमृतची लेक पंकजा त्याच्याशी स्टँडवर बोलताना दिसली. तेव्हापासून सम्राटला गल्ली बंद झाली आणि पंकजाला शिवणाचा क्लास. काकासाहेबांनी कर्जतचं स्थळही ठरवून टाकलं. सोमवारी पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. अमृतनं मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं.

आता त्याला केबलचं वेड लागलं होतं. ऊसतोडीला गेलेल्यांची घरं कुलपात होती. उरलेल्या प्रत्येक घरात रविवारी दुपारी पिक्चर लागलाच पाहिजे, असा त्याचा धोशा. कोपऱ्यावरच्या बनुबाईकडे तर टीव्हीच नव्हता. अमृतनं आपला जुना उचलून तिच्याकडे नेऊन ठेवला.

"दारापाशी ठिव की," बनुबाई म्हणाली. "स्टँड बी दिसंल अन् शिनेमा बी."

"उजेडात चित्र उठत न्हाई, मावशे. दार-खिडकी लावून घ्यायची."

घरोघर त्यानं हेच सांगितलं. तरण्या पोरांना मारामारीचा पिक्चर हवा होता, पण अमृत हटला नाही. लागणार तो देवाचाच. देवाचा पिक्चर म्हटलं की चपला दाराबाहेर राहत, टीव्हीला हार पडे, आणि शेवटच्या आरतीला तर कुणी जागचं हलत नसे. हललं की पाप लागतं, असं काकासाहेबांच्या बायकोचं, कडूबाईंचं म्हणणं. काकासाहेब भीत असतील तर एवढ्या एका बाईला.

रविवार उजाडला. जेवणाचं ताट अमृतनं तसंच सारलं. लाईट जाणार नाही ना, हे वायरमनला पुन्हा विचारून आला. कॅसेट पुढं-मागं करत तो आरतीची जागा सारखा बघत राहिला. शेवटी त्याची बायको मनकर्णा हिनं मशीनवर हातच ठेवला.

"पुरं आता. तुटायची ती."

त्याला धास्ती एकच होती. चित्र मध्येच गेलं तर सगळी गल्ली रस्त्यावर येणार. तसं झालं तर सगळंच संपलं.

दुपारी पिक्चर सुरू झाला. पंकजाला मशीनपाशी बसवून अमृत निघाला. उंबऱ्यात तो उगाच थांबला.

"सांभाळून," एवढंच म्हणाला.

"व्हय, आण्णा." तिनं मान वर केली नाही.

काकासाहेबांच्या घरात उदबत्तीचा धूर कोंडला होता.

"मशीनपाशी कोन हाय?"

"पंकजा."

"बरं केलंस. घरात तरी राहती."

मध्येच पडद्यावर मुंग्या आल्या. शेजारच्या घरातून आरडाओरडा झाला. काकासाहेब चपला शोधायला वळले. अमृतनं झटकन टीव्हीमागचा, पुढं शेजारी जाणारा वायरचा जोड दाबून धरला. चित्र परत आलं. वायर सोडून तो पुन्हा दाराकडे बघू लागला.

"काय रं सारखा दाराकडं बघतोस?"

"बूस्टरची काळजी वाटती, दादा."

आरती लागली. सगळे उभे राहिले. कडूबाईंनी निरांजन पेटवून ताट नवऱ्याच्या हातात दिलं. अमृत टाळ्या वाजवत होता, पण त्याच्या टाळीला ताल नव्हता. आरतीचं शेवटचं कडवं जवळ आलं तसा तो सारखा घड्याळाकडे बघू लागला.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"साडेतीनची दिसती. लेट झाली आज," म्हणत काकासाहेब दाराकडे वळू लागले.

"ताट हातात हाय," कडूबाई म्हणाल्या. "देवाकडं बघा."

काकासाहेब वळायचे थांबले. गाडी घरघरत उभी राहिली, मग गिअर पडला आणि आवाज लांब गेला. अमृतनं डोळे मिटून हात जोडले. इतक्या मनापासून हात जोडलेले कडूबाईंनी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

आरती संपली. प्रसाद झाला. अमृतनं तो पुन्हा मागून घेतला, आणि कधी नव्हे तो भावाकडे चहाही मागितला. सगळ्यांचा चहा होईपर्यंत तो पाऊसपाण्याचं काहीबाही बोलत बसला.

"आजून मुंग्याच दिसत्यात," काकासाहेब म्हणाले. "पोरीला झोप लागली का काय? मशीन बंद कर म्हनावं."

अमृतनं कप खाली ठेवला.

"मशीनपाशी कुनी न्हाई, दादा. पंकजा साडेतीनच्या गाडीनं गेली. करंजीचा घाट चढली असंल आता. नगरच्या स्टँडवर सम्राट हाय."

काकासाहेबांच्या हातातली बशी तशीच राहिली.

"वायरी वढायच्या नादात तुझं पोरीकडं ध्यान न्हाई राहिलं, अमृत."

"वायर त्याच्यासाठीच वढली, दादा."