बारा नंबरचा दगड

थोरली मुलगी जन्मली त्या वर्षी मोजणीदारांनी वहीत एक खोटी नोंद केली होती. एकच. बाकी सारी नोकरी धुतल्या तांदळासारखी.

त्या फेब्रुवारीत घाटाच्या रस्त्याची मोजणी चालली होती. अकरा दगड पुरून झाले होते, बारावा तेवढा माथ्यावर न्यायचा राहिला होता. नऊ तारखेला सकाळी तार आली, बायकोला दवाखान्यात नेलंय म्हणून. दुपारची एकच बस होती. मोजणीदारांनी साखळी धरणाऱ्या गड्याला जागा समजावून सांगितली आणि दगड आजच्या आज बसव म्हणून बजावलं. गडी अंगाने काडीसारखा, म्हणून गावाने त्याला पैलवान नाव पाडलेलं.

"साहेब, तुम्ही लेकराचं तोंड बघा," तो म्हणाला. "दगडाचं मी बघतो."

मोजणीदारांनी वहीत लिहिलं, 'बारा नंबर बसवला, समक्ष पाहिला.' खाली सही ठोकली आणि बस गाठली. रजेवर असतानाच बदलीचा कागद आला. त्या घाटात पुन्हा पाऊल पडलं नाही.

पुढची बेचाळीस वर्षं एकच किडा डोकं पोखरत राहिला. पैलवानाने दगड खरंच वर नेला, की दिला कुठल्या झुडपात ढकलून आणि गेला घरी?

आणि आता जुन्या कचेरीतून फोन आला. नवीन मोजणीदार एक तरुण बाई होती. घाटातला रस्ता रुंद करायचा होता आणि आखणी जुन्या दगडांवरूनच व्हायची होती. गाडीवर कॅमेरा लावून काढलेले साऱ्या रस्त्यांचे फोटो आता इंटरनेटवर असतात, त्यात बघून तिने अकरा दगड हुडकले होते.

"बारावा तेवढा तुम्ही दाखवा, काका," ती म्हणाली. "वहीत तुमचंच 'समक्ष पाहिला' आहे."

मोजणीदारांचं जेवणावरचं मन उडालं. दोन दिवसांनी त्यांनी घरात सगळं सांगून टाकलं. दगड नसला तर म्हातारपणी खोटारडा ठरेन, म्हणाले.

"बेचाळीस वर्षं हे पोटात होतं होय?" बायको म्हणाली. "आणि मी आपली ओवा देतेय."

थोरली त्या दिवशी आलेली होती. म्हणजे माझ्यापायी बाबांनी सरकारला फसवलं, असं म्हणून ती हसली, पण बापाचा चेहरा बघून तिने लॅपटॉप उघडला. मांडीवर जुना नकाशा घेऊन मोजणीदार शेजारी बसले. ती बाण दाबायची की रस्ता पुढे सरकायचा. थांब. मागे घे. जरा डावीकडे. असं करत माथा आला. माथ्यावर एक टॉवर, एक बंद टपरी आणि उघडा खडक. दगड नाही.

"संपलं," मोजणीदार म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

मुलगी चिवट. ती तशीच एकेक पाऊल घाट उतरत आली. चौथ्या वळणावर, कठड्याच्या बाहेर, तिला काहीतरी पांढरं दिसलं.

मोजणीदारांनी चष्मा पुन्हा चढवला. चौकोनी, कडा तासलेल्या, डोकं निमुळतं. खात्याचीच घडण. कुणीतरी चुना लावला होता. रस्त्याकडच्या बाजूवर काहीतरी कोरलेलं होतं, पण तेवढीच जागा पुसट केलेली. माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर मशीन झाकून टाकतं, तसंच यालाही झाकलं असणार, असं मुलीने सांगितलं. दगडाशेजारी एक म्हातारी बसलेली होती, तिचाही चेहरा पुसट. मुलीने त्याच जागेचा चार वर्षं आधीचा फोटो उघडला. त्यातही ताजा चुना, आणि म्हातारी तिथेच.

"बसची वाट बघत असेल," मोजणीदार म्हणाले. त्यांची नजर दगडावरून हलत नव्हती.

माथ्यावर खडक लागला, पहार चालेना, मग बिचाऱ्याने खाली मऊ जागा बघून पुरला असणार. चुकीच्या जागी का होईना, पुरला तर होता. त्यांनी तिथल्या तिथे कचेरीत फोन लावला आणि काही न लपवता सगळं कबूल केलं. बाई भली निघाली. चुकीच्या जागेची दुरुस्ती करता येते, नसलेल्या दगडाची करता येत नाही, ती म्हणाली. उद्या तिकडे जाऊन नंबर बघते.

त्या दुपारी मोजणीदार दोन घास जास्त जेवले आणि घोरले. उठल्यावर म्हणाले, इतकी वर्षं मी त्या गड्यावर उगाच संशय घेतला. असेल आता सत्तरीचा. जाऊन भेटतो, चांगलासा कोट नेतो, आणि हात जोडून माफी मागतो.

"कोट मापाचा घ्या," बायको म्हणाली. "पैलवान म्हणून मोठा आणाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मुलीने आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. वारा ऐकू येत होता. बाई दगडाच्या मागच्या अंगाला वाकून बघत होती.

"बारा, काका. आणि खाली खात्याची खूण. शंकाच नको."

मोजणीदार खुर्चीत सैलावले. बेचाळीस वर्षांचं ओझं एका आकड्याने उतरलं. बायको म्हणाली, सुटलात एकदाचे. मुलीने बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

मग मोजणीदारांनी सवयीप्रमाणे, नोंद पुरी असावी म्हणून, पुढच्या बाजूला काय कोरलंय ते विचारलं.

बाई फिरून पुढे आली. मग तिने एकेक शब्द लावत वाचलं.

"पैलवान. हा दगड वर नेताना इथे पडला. मोजणीच्या साली, नऊ फेब्रुवारीला, दिवस मावळताना वारला."