डावा स्पीकर

“आता हा डावा तिकडं ने, अन् उजवा इकडं आण,” गणपतराव मुलाला म्हणाले आणि इंदुताई हातातलं काम टाकून बैठकीत आल्या.

कमरेएवढे उंच ते दोन स्पीकर गेली कितीतरी वर्षं त्यांच्या बैठकीत ठाण मांडून होते. दोघांच्या बरोब्बर मधोमध, समोर, गणपतरावांची खुर्ची. तिथं बसलं तरच दोन्हीकडचा आवाज सारखा येतो, हे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं होतं, मग पाहुण्याला गाण्याची आवड असो वा नसो. अलीकडे मात्र त्यांची एकच तक्रार होती. डावा स्पीकर मेला.

“बाबा, त्यांचं वय झालं. नवे घेऊन टाकू,” जितेंद्र म्हणाला होता. बुटीबोरीच्या कारखान्यात इंजिनियर असलेल्या या मुलाने मोबाइलवर नवी सडपातळ जोडी पसंतही केली होती. जुने न्यायला आज दुपारी माणूस येणार होता. आणि साधं पातेलं मोडीत काढायचं तरी आठवडाभर विचार करणाऱ्या इंदुताईंनी या वेळी एका झटक्यात होकार दिला. जितेंद्रला त्याचंच नवल वाटलं.

कारण असं, की डावा स्पीकर ठणठणीत होता. केर काढताना इंदुताई दोन्ही स्पीकरांसमोरून जात, आवाज दोन्हीतून सारखाच येई. गेला होता तो गणपतरावांचा डावा कान. डावीकडून हाक मारली की ते वळून बघत नाहीत, हे इंदुताईंनी दिवाळीतच ताडलं होतं.

पण सांगायचं कसं? गांधीबागेच्या बाजारात गणपतरावांनी उभा जन्म कापडाचा ठोक धंदा केला. चिंधी कानाशी धरून टर्रकन फाडायची आणि सुतात पॉलिस्टर किती मिसळलंय ते सांगायचं, अशी त्यांची रीत. शेजारचे दुकानदारही शंकेचं कापड घेऊन त्यांच्याकडे येत. दुकान दुसऱ्याच्या हाती गेलं, तो मान मात्र अजून त्यांच्याकडेच होता. अशा माणसाला कान गेला म्हणून कोणत्या तोंडानं सांगावं? त्यापेक्षा नवे स्पीकर येऊ देत, नव्याच्या कौतुकात चार महिने तरी सुखाचे जातील, असं इंदुताईंनी ठरवून टाकलं होतं.

आणि आज ऐन वेळी गणपतरावांनी हे काढलं. देण्याआधी एकदा जागा बदलून बघायच्या. खोट स्पीकरात असेल, तर ती त्याच्यासोबत उजवीकडे जाईल. डावीकडेच राहिली, तर मग स्पीकरात नाही.

“अहो, राहू द्या नं. कमरेत लचक भरन.”

“मी कुठं उचलून राहिलो? जितू उचलून राहिला.”

जागा बदलल्या. गाणं लागलं. गणपतराव डोळे मिटून खुर्चीत बसले.

“मले तर दोन्ही...” जितेंद्र बोलू लागला. इंदुताईंनी असे डोळे वटारले, की पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं.

गाणं संपलं. गणपतरावांनी डोळे उघडले, दोन्ही स्पीकरांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “जितू, त्या माणसाले फोन कर. येऊ नको म्हण.”

“काहून, बाबा?”

“स्पीकर चांगले आहेत.”

जितेंद्र फोन घेऊन गॅलरीत गेला. इंदुताईंना रडू आवरेना. आपण इतके महिने जिवापाड जपलं ते एका गाण्यात उघडं पडलं, आणि आता या माणसाची समजूत कशी घालावी ते त्यांना सुचेना.

“तुले माहीत होतं,” गणपतराव म्हणाले. आवाजात राग नव्हता.

“तुम्हाले वाईट वाटलं असतं.”

“लग्न झाल्यापासून तू माह्या डाव्या बाजूनं चालत आली. दिवाळीपासून उजवीकडून चालून राहिली. मले शंका तवाच आली होती वं. म्हटलं, स्पीकरच बिघडला असन तर बरं.”

आपण बाजू बदलली हे इंदुताईंच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नव्हतं.

गणपतराव उठले. आतून जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत आणली आणि आपल्या खुर्चीच्या डाव्या हाताला अगदी खेटून ठेवली.

“बस इथं.”

“या बाजूनं? मी बोललेलं तुम्हाले ऐकू येणार नाही.”

“बोलू नको. तिकडून काही चांगलं वाजलं, का माहा हात दाबत जाय.”